चारही चाकं वसूल

गाडीचं स्टिअरिंग जड आहे, हे मी पहिल्यांदा कबूल केलं ते आमच्या गल्लीच्या वळणावर, भाजीवाल्याची हातगाडी आणि विजेचा खांब यांच्या बरोबर मधे अडकलेलो असताना. तोपर्यंत मी त्याला 'भारदस्त' म्हणत होतो. मागे उघडा हौदा, उंच चाकं, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी दणकट गाडी. तिचं स्टिअरिंग काय एका बोटाने फिरायला पाहिजे? पण त्या वळणावर मी आधी दोन्ही हातांनी आणि मग दोन्ही हात अधिक एक गुडघा असा जोर लावला. पुढची चाकं कुरकुरत, उड्या मारत अर्धवट वळली आणि तिथेच रुसून बसली. भाजीवाला म्हणाला, "काका, उतरून ढकलू का?" मी म्हटलं, "नको, मी जरा विचार करतोय." मागे रांग लागली होती आणि माझा विचार कधी संपतोय याची वाट बघत सगळे हॉर्न वाजवत होते.

ही जुनी गाडी मी हौस म्हणून घेतली, असं आमच्या इमारतीत सगळे समजतात. समजू देत. खरं कारण असं, की माझी बायको मोठ्या इस्पितळात नर्स होती, ती बढती मिळून डोंगरावरच्या दवाखान्याची मुख्य नर्स झाली. बस जाते ती फक्त पायथ्यापर्यंत. पुढे खडी, धोंडे आणि ओहोळ. दवाखान्याला लागून एक खोली रिकामी होती. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. तुमचं तुम्ही बघाल ना?" दोन्ही मुली नोकरीनिमित्त लांब गेलेल्या. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि फ्रीज. दुसरा कुणी नवरा असता तर सरळ म्हणाला असता, की बाई गं, जाऊ नकोस, मला करमणार नाही. मी 'हं' म्हणालो आणि दोन दिवसांत जाऊन ही गाडी घेऊन आलो.

बायकोने गाडीला चहूबाजूंनी प्रदक्षिणा घातली, टायरला चपलेने हलकेच लाथ मारून बघितली आणि म्हणाली, "ठीक आहे. खोलीचं येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सांगायचंय. तोवर ही नीट चालली तर मी रोज येईन-जाईन. नाही चालली तर खोली घेईन." मी म्हटलं, "न चालायला काय झालं!" हे वाक्य माणसाने गाडीसमोर उभं राहून कधी बोलू नये.

इथे माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे कुठलाही बिघाड आपल्या नजरेतून सुटणार नाही अशी माझी समजूत होती. दुसरी, मला वाया घालवलेलं काही बघवत नाही. टूथपेस्टची ट्यूब संपली की मी ती कात्रीने कापतो. कुणी नसलेल्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर माझा रक्तदाब वाढतो. आता असल्या गाडीत काय असतं, गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा असतो. तो मागे असला की इंजिन फक्त मागची दोन चाकं फिरवतं. पुढे ढकलला की चारही. तुम्हीच सांगा, चार चाकांचे पैसे मोजून दोन चाकांवर गाडी कोण चालवेल? मी बसलो की पहिलं काम म्हणजे दांडा पुढे. आणि उतरताना मागे, कारण उभ्या गाडीत चारही चाकं चालू ठेवून कुणाचं भलं होणार? दांडा मागे यायला कुरकुर करायचा, पण गाडी जराशी मागे घेतली की खट्कन सुटायचा. ही शिस्त मी कधी कुणाला बोलून दाखवली नाही. चांगल्या सवयींची जाहिरात करणं माझ्या स्वभावात नाही.

तर स्टिअरिंग जड. पहिला सल्ला तळमजल्यावरच्या कप्तानांचा. कप्तान म्हणजे नदी ओलांडणाऱ्या लाँचवर जन्मभर तिकिटं फाडलेले गृहस्थ. पण टोपी अजून तीच घालतात आणि बोलतात असं, की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी समुद्र पालथे घातले. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून बघितला. "हवा! हवा कमी आहे. टायर रस्त्यावर लोळतोय, मग वळणार कसा? चांगली टणक भरून घ्या." मी टणक भरून घेतली. स्टिअरिंग होतं तिथेच राहिलं, फक्त आता रस्त्यातला प्रत्येक खडा मला व्यक्तिशः भेटायला यायला लागला. कप्तान म्हणाले, "हळूहळू फरक पडेल." हवेने हळूहळू काय फरक पडणार होता, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं, कारण ते रोज माझं वर्तमानपत्र वर आणून देतात.

मग मेकॅनिक. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि "अरेरे" म्हणाला. धंद्याची सुरुवात यांना याच शब्दापासून शिकवत असावेत. पुढची बाजू जॅकवर उचलून त्याने चाक हलवलं, तर ते अगदी लाडात आल्यासारखं इकडून तिकडे फिरलं. मग तो गाडी घेऊन एक फेरी मारून आला. एका हाताने चालवत. दुसऱ्या हातात चहाचा ग्लास होता.

"साहेब, गाडीला काही नाही."

"असं कसं? माझ्या खांद्यांचं बघा काय झालंय."

"खांद्यांचं मला नाही सांगता येणार."

मी तोऱ्यात गाडीत बसलो, दांडा पुढे ढकलला आणि त्याच्या फाटकातून वळताना असा अडकलो, की ना पुढे ना मागे. तो धावत आला. "साहेब, तुम्ही उतरा, मी काढतो." मी जरा मागे घेतली, दांडा शिस्तीत मागे ओढला, उतरलो. तो बसला आणि झर्रकन गाडी बाहेर. त्याचे कामगार हातातलं काम टाकून बघत उभे. त्याने माझ्या मनगटांकडे बघितलं. घरात म्हातारं माणूस असलेल्याच्याच डोळ्यांत तसली दया असते. "असं करू," तो हळू आवाजात म्हणाला, "स्टिअरिंगच्या डब्यावर एक स्क्रू असतो, तो जरा सैल करून देतो. तुमच्या हाताला हलकं वाटेल." तुमच्या हाताला! मी पैसे दिले. घरी येईपर्यंत कळलं, की स्टिअरिंग आता थोडा वेळ नुसतंच हवेत फिरतं आणि मग जड लागतं. पूर्वी ते पहिल्यापासून जड होतं, एवढाच काय तो फरक.

डोंगरावरच्या रस्त्याला वाहन तपासणीचा शिक्का लागायचा. त्यासाठी वाहतूक कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, आधी मागच्या मैदानात जा. मैदानातल्या माणसाने सांगितलं, आधी खिडकीवर जा. अशा चार-दोन येरझाऱ्या झाल्यावर माझ्यात आणि त्या दोघांत एक प्रकारचा घरोबा निर्माण झाला. शेवटी निरीक्षक आले. मैदानात शंकू मांडलेले. "त्यांच्यामधून आठचा आकडा काढा." मी दांडा पुढे करून आठ काढायला गेलो आणि दोन शंकू घेऊन थेट कुंपणापर्यंत सरळ रेष काढून थांबलो. निरीक्षक शांत होते. त्यांनी मला उतरवलं. दांडा मागे, उतरलो. ते स्वतः बसले. जरा ढिलं आहे म्हणाले, आणि आठावर आठ असे काढले, की मुलांच्या वहीत सुद्धा इतके गोल येत नाहीत. मग कागदावर लिहिलं: 'वाहन समाधानकारक. चालकाची तपासणी करावी.' मी ते वाक्य दोनदा वाचलं. सवयीने चूक शोधली. एकही सापडली नाही.

त्याच कार्यालयाच्या डॉक्टरांनी मला त्यांची दोन बोटं दाबायला सांगितली. मी जीव खाऊन दाबली. ते दुसऱ्या हाताने पुढचा कागद भरत होते. "वयोमानानुसार," ते म्हणाले, "रोज पाण्याची बादली उचला. महिन्याभराने परत या." मग मी सकाळी गॅलरीत भरलेली बादली वर-खाली करायला लागलो. कप्तान खालच्या अंगणातून मोठ्याने मोजायचे. समोरच्या इमारतीतली मंडळी चहाचे कप घेऊन बाहेर यायची. एकदा बादली अर्ध्यावर निसटली आणि मोजणी थांबली, कारण मोजणारे भिजले होते.

एवढ्यावर भागलं असतं. पण मला मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कुठल्याही विषयातलं काहीही येत नाही, पण मोबाइलवर सगळ्याचे व्हिडिओ बघितलेले असतात. तो चादर अंथरून गाडीखाली शिरला आणि तिथून ओरडला, "दाजी! सापडलं! ही नळकांड्यासारखी वस्तू बघा. एक टोक स्टिअरिंगच्या दांडीला, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. स्टिअरिंगला हीच धरून ठेवतेय! काढून टाकू?" मला त्याचा तर्क पटला. पटला म्हणजे काय, इतके दिवस हे मला कसं सुचलं नाही याचं वाईट वाटलं. ती वस्तू हादरे शोषून स्टिअरिंग ताळ्यावर ठेवण्यासाठीच असते, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही ती काढली. एकमेकांचे काळे हात हातात घेतले. मेहुणा म्हणाला, "मोकळी झाली बिचारी."

बिचारी अशी मोकळी झाली, की सरळ रस्त्यावर कधी डावीकडच्या दुकानांकडे निघायची, कधी उजवीकडच्या. मी इकडे ओढावं तर ती थोडा विचार करून तिकडे जायची. एखादा खड्डा आला की स्टिअरिंग माझ्या हातात थडथडायचं. आणि वळण आलं की मात्र हट्टाने सरळ! म्हणजे वळू नको म्हणावं तिथे वळणार आणि वळ म्हणावं तिथे नाही. घरी आलो तेव्हा हात इतके थरथरत होते, की चहा कपापेक्षा बशीत जास्त होता.

बायको बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या ओरडण्याची मला सवय आहे. पण तिने माझ्या हातातून कपबशी काढून घेतली, रुमाल दिला आणि मऊ आवाजात म्हणाली, "राहू दे हो. मी खोली घेते. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका." दुसऱ्या दिवशी पलंगावर बॅग उघडी पडलेली दिसली. त्यात चादर होती, छोटा आरसा होता आणि पाणी गरम करायची किटली. चादर माणूस एका रात्रीसाठी पण नेतो. किटली राहायला जाणाराच नेतो. मी गॅलरीत जाऊन कपडे वाळलेत का ते बघून आलो. दोरीवर कपडेच नव्हते.

खोलीचं सांगायच्या आदल्या दिवशी तिला सुट्टी होती. ती चपला घालून आली आणि म्हणाली, "चला. एकदा मला चालवून बघू दे. नाही तर मनाला लागून राहील, की बघितलं सुद्धा नाही." आमची आधीची लहान गाडी तीच चालवायची. मी शेजारी बसलो आणि गांभीर्याने म्हणालो, "थांब. आधी हा बुटका दांडा पुढे घ्यायचा."

"का?"

"का म्हणजे? चारही चाकं सुरू व्हायला."

"इथे? डांबरी रस्त्यावर?"

"मग? गाडी चार चाकांची आहे."

तिने किल्ली फिरवली नाही. "आणि हा तुम्ही नेहमी असाच पुढे ठेवता?"

"छे! उतरताना आठवणीने मागे घेतो. उगाच कशाला चालू ठेवायचं."

"म्हणजे मेकॅनिक बसला तेव्हा..."

"तेव्हा मी उतरलेलो होतो."

"आणि ते निरीक्षक?"

"तेव्हा पण उतरल्याशिवाय ते बसणार कसे?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझी जीभ जड व्हायला लागली.

खाजेचं मलम पाण्यातून पिणारा पेशंट नर्सला कधी ना कधी भेटतोच. त्याच्याकडे ती जसं बघत असेल तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग दांडा होता तिथेच, मागे, राहू दिला आणि गाडी सुरू केली. गल्लीच्या त्या वळणावरून, तोच खांब, तीच हातगाडी, गाडी अशी अलगद वळली, की भाजीवाल्याने हात वर करून सलाम ठोकला. तिला. "आमच्या रुग्णवाहिकेला असाच दांडा आहे," ती म्हणाली. "ड्रायव्हर त्याला फक्त चिखलात आणि खडीवर हात लावतो. वळताना पुढची चाकं जास्त लांबून जातात. घट्ट रस्त्यावर चारही एकमेकांना जखडून ठेवली, तर ती वळणार कशी, सांगा बघू?"

"कसं सुचलं नाही मला," मी म्हटलं.

तेवढ्यात गाडी डावीकडच्या दुकानांकडे निघाली. तिने ओढून सरळ केली, तर उजवीकडे. "आणि ही जी भरकटतेय, ती कशामुळे?"

"ती," मी म्हणालो, "दुरुस्तीमुळे."

तो अख्खा दिवस केलेल्या दुरुस्त्या निस्तरण्यात गेला. मेकॅनिकने स्क्रू पुन्हा हिशेबात पिळला. पिळताना तो एकदाही माझ्याकडे न बघता हसत होता, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. कप्तानांनी स्वतःच्या देखरेखीखाली टायरमधली जादा हवा सोडली आणि आपण हे पहिल्यापासून सांगत होतो असं तिथल्या तिथे जाहीर केलं. मेहुण्याकडे ती नळकांड्यासारखी वस्तू परत मागायला गेलो तर ती त्याने स्वतःच्या फाटकाला बसवलेली. "दाजी, फाटक आता आपटत नाही हो!" बायकोने पाना त्याच्या हातात ठेवला. तिच्यापुढे तो लहानपणापासून बोलत नाही. संध्याकाळी तीच गाडी घेऊन वाहतूक कार्यालयात गेली, चालक म्हणून स्वतःचं नाव लावलं, आठ काढला, शिक्का घेतला. निरीक्षकांनी खिडकीतून वाकून माझी आपुलकीने चौकशी केली, "आता हात कसे आहेत?"

शनिवारी आम्ही डोंगर चढलो. पायथ्याशी डांबर संपलं आणि सुटी खडी सुरू झाली. तिने गाडी थांबवली, दांडा पुढे ढकलला आणि म्हणाली, "घ्या, आता चारही चाकं वसूल." गाडी धोंड्यांवरून, ओहोळातून घरच्यासारखी वर गेली. मला वाटलं होतं आता प्रश्नच मिटला. किटलीची बॅग मात्र मागे हौद्यात होती.

वर दवाखान्याचा रखवालदार किल्ली घेऊन उभाच होता. खोली उघडली. आणि काय सांगू, खोली इतकी छान निघाली! स्वच्छ पलंग, खिडकीशी टेबल, खिडकीतून खाली सगळं खोरं. इतकी शांतता, की आपलाच श्वास ऐकू यावा. बायको खिडकीशी जाऊन उभी राहिली. टेबलावर हात टेकून खालचं खोरं बघत राहिली. मला एकदम कळलं, की गाडी नीट झाली म्हणजे ती घरी येईल हे मी मनाशी ठरवून टाकलेलं होतं, पण तिला कुणी विचारलंय? जन्मभर इस्पितळ आणि घर, घर आणि इस्पितळ. इथे संध्याकाळी कुणी तिला माझे मोजे कुठे आहेत म्हणून विचारणार नव्हतं.

"छान आहे ना खोली?" ती म्हणाली.

मी खोलीत चूक शोधायला लागलो. तोच एक धंदा येतो. "खिडकीची कडी सैल आहे," मी म्हणालो. "भिंतीला ओल येईल. आणि पलंग..." पलंगात चूक सापडेना. रखवालदार दारात उभा होता तरी मी बोलून गेलो, "अगं, तू इथे राहिलीस तर मला घरी करमायचं नाही. तू त्या दिवशी घड्या घालत होतीस ना, तेव्हाच म्हणायचं होतं. जमलं नाही, म्हणून गाडी घेऊन आलो."

ती वळली. "एवढी गाडी घेतलीत, बादल्या उचलल्यात, डॉक्टरकडे गेलात. आणि एवढं एक वाक्य जड गेलं?"

"फार जड गेलं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग रखवालदाराच्या हातात किल्ली परत ठेवली. "खोली नको," ती त्याला म्हणाली. "खोली चांगली आहे हो. पण ह्यांना आठवडाभर घरात एकटं सोडलं, तर मी परत येईपर्यंत हे फ्रीज, पंखे, नळ, सगळं उघडून बसलेले असतील. आणि मदतीला माझा भाऊ येईल."

रखवालदाराने समजुतीने मान हलवली. एका अनोळखी माणसासमोर माझी इतकी बेइज्जती कधी झाली नव्हती आणि मला इतका आनंदही कधी झाला नव्हता. डोळे लपवायला म्हणून मी खिडकीची कडी हलवून बघितली. ती अगदी घट्ट होती.

बाहेर येऊन मी रुबाबात चालकाच्या दाराशी गेलो. ती आधीच आत बसलेली होती. मी पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराने चढलो आणि दांड्याच्या दिशेने माझा हात आपोआप पुढे गेला.

"बसा," ती म्हणाली, "आणि कशालाही हात लावू नका."